चांगलं नको, तेच द्या

आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत, हायवेकडं उघडणाऱ्या खिडकीत, एक बारीक हिरवा दिवा लुकलुकायचा. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. मी पहिल्या वर्षाला आले तेव्हा तो तिथं होताच. मला वाटलं, कुणीतरी बंद करायला विसरलं असेल. आमच्या घरी रिकाम्या खोलीत दिवा दिसला की वडील ओरडतात. त्या सवयीनं मी पिन काढायला हात पुढं केला, तर मागून आवाज आला,

"अव्वा, जित्या माणसाचं नाक दाबू नये."

ते शरणाप्पा मामा. कन्नडमध्ये आईला अव्वा म्हणतात. मामांचं घर नळदुर्गात, बोलणं मराठी, पण मूळ गाव कर्नाटकात, आळंदच्या बाजूला. सगळ्या मुलींना ते अव्वा म्हणायचे आणि मुलांना साहेब. साहेबमध्ये थोडा टोमणा असायचा.

ते प्रयोगशाळा परिचर होते. म्हणजे टेबलं पुसायची, सामान द्यायचं, परत घ्यायचं, रजिस्टरवर सही घ्यायची. दहावीनंतर शिक्षण नाही. नोकरी लागायच्या आधी बसस्टँडजवळ टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. ठेंगणी मूर्ती, कपाळावर विभूती, खिशात टेस्टर, आणि गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं एक भिंग. आमचे सर चांगले शिकवायचे. पण प्रयोग अडला की सरसुद्धा फळ्याकडं न बघता दाराकडं बघायचे, मामा आलेत का म्हणून.

मी हे लिहिते आहे, पण मला मामांबद्दल सगळं माहीत नाही. त्यांच्या घरी मी एकदाच गेले. जे बघितलं तेवढंच सांगते.

खिडकीतला तो दिवा एका बोर्डावरचा होता. तळहातापेक्षा लहान निळा बोर्ड, मधे एक काळी चिप, दोन्ही कडांना भोकांच्या रांगा. शिकणारी मुलं, छंद म्हणून काही करणारे लोक असले बोर्ड घेतात. संगणकावर काम लिहायचं, वायरनं बोर्डात भरायचं, मग तो एकटा तेवढंच काम करत राहतो. दिवा लावायचा, पंखा फिरवायचा, गरमी मोजायची. मामांनी त्या खिडकीतल्या बोर्डाला एकच काम दिलं होतं, लुकलुकायचं. आठ वर्षं तो तेच करत होता. शेजारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मामा खुणा करायचे. वीज गेली आणि आली, की बोर्ड आपोआप सुरू झाला का नाही. झाला तर काही नाही. नाही झाला तर लाल फुली. मी बघितलं तेव्हा एकही फुली नव्हती.

"कशाला करता मामा हे?" मी विचारलं होतं.

"कंपनी म्हणती, लई वर्सं चालतंय. आता कंपनीनं नळदुर्गची लाईट कुठं बघितलीय? म्हणून म्या बघतोय."

बोर्ड हातात घेण्याआधी मामा खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचे. आम्हालाही लावायला सांगायचे. पहिल्या सहामाहीत आम्ही सगळ्या मुली गजाला हात लावून तो हात कपाळाला लावत होतो. एके दिवशी मामांनी ते बघितलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "अगं, देव न्हाय त्यो. अंगातली वीज उतरती गजातनं. सुती कापडात कमी, तुमच्या त्या चमचम ओढण्यांत जास्त. त्येवढ्यानं चिप मरती." पण त्यानंतरही काही मुली कपाळाला हात लावतच राहिल्या. परीक्षेच्या दिवशी मीही लावला.

प्रत्येक बोर्डाच्या पाठीवर मामा मार्करनं तारीख लिहायचे, घेतल्याची. तिला ते जन्मतारीख म्हणायचे. बोर्ड ठेवायचे गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत. त्यांना बीपीच्या गोळ्या चालू होत्या, आणि मेडिकलवाला ओळखीचा होता, त्यामुळं डबे भरपूर. एका मुलानं एकदा दोन बोर्ड घेऊन विचारलं, "मामा, दोन्हीवर नाव एकच आहे, मग एकाला दुप्पट वेळ का लावला तुम्ही तपासायला?"

"साहेब, तुमच्या वर्गात रोहित किती?"

"तीन."

"मग? नाव सारखं, गाव येगळं. बोर्डाला नाव इचारू नका, गाव इचारा."

मग त्यांनी पाच बोर्ड रांगेत मांडले. पाचही निळे, पाचही एकाच नावाचे. प्रत्येकाला घड्याळ चालवायचं काम दिलं आणि आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी दिवसभर लावून बघितलं. संध्याकाळपर्यंत एक बोर्ड चार मिनिटं मागं पडला होता. माझे वडील मेंढरं राखतात. शंभर मेंढरांत त्यांना एकेक तोंडानं ओळखू येतं, कुठलं लंगडेल, कुठलं वाट सोडेल ते आधी कळतं. मला ते लहानपणी जादूसारखं वाटायचं. कॉलेजात तसा माणूस परत भेटेल असं वाटलं नव्हतं.

मामांचं खरं काम कॉलेजबाहेर होतं. लोहारा भागात बऱ्याच जणांनी रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली आहे. शेतात तुती लावायची, शेडमध्ये रॅकवर अळ्या वाढवायच्या, त्यांना पाला घालायचा, त्या कोष करतात, कोष विकायचे. अळी फार नाजूक. गरमी जास्त झाली तर मरते, थंडी जास्त झाली तर खायचं सोडते. मामांनी सुमनताईंच्या शेडमध्ये पहिल्यांदा असला बोर्ड लावला. थंडी वाढली की हीटर सुरू, गरमी वाढली की हीटर बंद आणि पंखा सुरू. सुमनताई लोहाऱ्याच्या अलीकडं एका वस्तीवर राहतात. नवरा ट्रकवर, महिन्यातनं चार दिवस घरी. शेड सगळी त्यांच्या एकटीच्या अंगावर, सोबत म्हातारी सासू. त्यांचं बघून दुसऱ्यांनी मागितलं. असं करत अकरा शेडांत मामांचे बोर्ड लागले.

लावताना मामा एक गोष्ट कधी सोडायचे नाहीत. प्रत्येक शेडला दोन बोर्ड. एक लावलेला, दुसरा तेच काम भरून गोळ्यांच्या डब्यात, भिंतीला खिळ्यावर टांगलेला. त्याला ते जोड म्हणायचे. "येकटा बैल कुणी शेतात उतरवतंय का? मग ह्येला कसा येकटा सोडायचा?" आणि दरवर्षी खंडेनवमीला, जेव्हा लोक आपली अवजारं पुजतात, मामा अकराही शेडांत फिरायचे. वर्षभर राबलेला बोर्ड काढून डब्यात घालायचे, डब्यातला कामाला लावायचे. "डब्यात पडून ऱ्हायला, त्यो चालतोय का मेलाय, कुणाला कळतंय? आळीपाळीनं राबलं म्हंजी दोगंबी जिते ऱ्हातात."

सुमनताईंचं घर माझ्या गावच्या वाटेवरच. त्यामुळं दुसऱ्या वर्षाला असताना खंडेनवमीला मामांबरोबर मी तिथं उतरले. सासूबाई ताटात हळद-कुंकू, फुलं, पाणी घेऊन तयार होत्या. त्यांनी पाण्याचं बोट थेट बोर्डाकडं नेलं.

"आजी, डब्यावर लावा. आत न्हाय."

"डब्यावरनं देवीला कसं कळंल?"

"तुळजापूरला तुमी कळसाचं दर्शन घेऊन माघारी येता ना गर्दी असली की? कळतंय का न्हाय देवीला?"

आजींनी एकदा डब्याकडं, एकदा बोर्डाकडं बघितलं. मग डब्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट ओढून म्हणाल्या, "लई तोंडाळ हायस शरणाप्पा." सुमनताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांनी मामांना विचारलं, "मामा, किती वर्सं चालंल हे?" मामा नेहमी सगळ्यांना जे सांगायचे तेच म्हणाले, "म्या हाय तोवर चालंल."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंसुद्धा नाही. पुढं तेच त्यांच्या मानेवर बसलं.

त्या खंडेनवमीच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. सांगायला मला बरं वाटत नाही.

जुने जोड हळूहळू मरत होते. कुठं वीज कडाडली, कुठं उंदरानं वायर कुरतडली. आणि बाजारात ते बोर्ड मिळेनासे झाले. लॉकडाऊननंतर चिपांची टंचाई आली, ती सरली तोवर कंपनीनं ते मॉडेलच मागं टाकलं होतं. सात शेडांत जोड उरला नव्हता. मामा सोलापूरला निघाले, मला प्रोजेक्टचं सामान घ्यायचं होतं म्हणून मीही गेले. दुकानदार मामांना ओळखत होता. त्यानं नवा बोर्ड पुढं ठेवला.

"मामा, आता हे घ्या. फास्ट आहे, मेमरी जास्त, वायफायपण आहे आत."

"मला हीटर चालू-बंद करायचाय. त्येला कशाला फास्ट? ह्येचा करंट येगळा, भोकं येगळी. म्हंजी अकरा शेडांतलं समदं परत करायचं."

"पण हे जुन्यापेक्षा चांगलं आहे मामा."

"चांगलं नको, तेच द्या."

दुकानदार वैतागला. आतून एक पुडकं घेऊन आला. त्यात हुबेहूब जुने बोर्ड होते, तोच निळा रंग, तीच भोकं, चिपवर तोच नंबर. कुठं बनले ते त्यालाही सांगता येत नव्हतं. मामांनी भिंग लावलं. एकेक उलटून बघितला. चिपवरची अक्षरं थोडी पुसट होती. ते परत पहिल्यापासून बघायला लागले. गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि मला पाचची बस गाठायची होती. मी म्हणाले, "मामा, सेमच तर दिसतात. घेऊ या ना. परत यायला लागंल नाहीतर."

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि सात बोर्ड घेतले.

बसमध्ये त्यांनी मार्कर काढून सातही बोर्डांच्या पाठीवर जन्मतारीख लिहिली. आणि प्रत्येक तारखेपुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. तसं करताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस त्यांनी ते बोर्ड तपासले. घड्याळाशी लावले. वीज घालवायची, आणायची, शंभर वेळा. प्रत्येक वेळी बोर्ड नीट सुरू झाले. मग त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं प्रश्नचिन्हं पुसली. खंडेनवमीला ते सात बोर्ड सात शेडांत कामाला लागले. सुमनताईंच्या शेडमध्येही. त्यांच्याकडं राबणारा जुना चांगला बोर्ड वर्षभराच्या विश्रांतीला डब्यात गेला.

मार्गशीर्षात कडाक्याची थंडी पडली होती. शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना मामांचा फोन वाजला. ते ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "आलो." रजिस्टर मिटलं, सरांना सांगितलं. मी शनिवारी घरी जातेच. त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसले. मामा ड्रायव्हरशेजारी चौघांत दाटून बसले होते आणि हातात रिकामा डबा होता. तो त्यांनी का घेतला होता ते त्यांनाही माहीत नसावं.

सुमनताईंच्या शेडचे पडदे वर गुंडाळलेले होते. तरी आत वास होता. रॅकवर पाला होता आणि पाल्यावर अळ्या. दोन-तीन दिवसांत कोष करायला बसल्या असत्या एवढ्या वाढलेल्या. काही मऊ पडून रॅकच्या कडेला लोंबत होत्या. सुमनताई खाली बसल्या होत्या. डोळे कोरडे.

"सहाला पाला घातला," त्या म्हणाल्या. "मग तुती कापाय गेले. जाताना दिव्याकडं बघितलं मामा. दिवा लागलेला हुता. तुमीच म्हणालता ना, दिवा लागलाय तोवर चालू हाय. अकराला आले तर आत पाय ठेववंना. भट्टी. हीटर दोनीबी चालूच. आत्याबाई घरात झोपलेल्या, त्यास्नी काय कळंना."

"लाईट गेली हुती का मधी?"

"गेलीच न्हाय."

"शेतीची लाईट कवा आली?"

"सातला. रोजच्यावानी."

मामा बोर्डाजवळ गेले. गजाला हात लावायला गज नव्हता, त्यांनी शेडच्या लोखंडी खांबाला हात लावला. बोर्डावरचा लाल दिवा अजून लागलेला होता. सकाळी शेडमधली गरमी चाळीसच्या पलीकडं गेली तरी बोर्डानं हीटर सोडला नव्हता. त्यांनी तो बोर्ड काढला, डब्यातला जुना लावला. मग टोपलं घेतलं आणि मेलेल्या अळ्या वेचायला लागले. मीही वेचू लागले. त्या हाताला मऊ, ओलसर लागत होत्या.

सुमनताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मामा. तुमचा काय दोष. माझं नशीब."

"नशिबाच्या नावावर माझं खपवू नको सुमन. बोर्ड म्या आणला. म्या तपासला. म्या लावला."

मी टोपल्यात बघत राहिले. दुकानात मी काय बोलले ते त्यांना आठवत होतं, मला माहीत आहे. त्यांनी ते त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही कधी नाही. मीसुद्धा सुमनताईंना सांगितलं नाही. हे लिहिलेलं त्यांनी वाचलं तर त्यांना पहिल्यांदाच कळेल.

सोमवारी मामांनी तो बोर्ड प्रयोगशाळेतल्या डिमरला लावला. डिमरनं विजेचा दाब हळूहळू कमी-जास्त करता येतो. वीज पूर्ण बंद करून चालू केली, बोर्ड व्यवस्थित उठला. मग त्यांनी वीज बंद न करता दाब नुसता खाली नेला आणि परत वर आणला. लाल दिवा मंद झाला, परत उजळला. पण बोर्ड गोठला होता. जे चालू होतं ते चालूच, जे बंद ते बंद. आमच्याकडं शेतातल्या पंपांना वीज ठरावीक तासांनाच देतात; सकाळी ती शेतीची लाईट येते तेव्हा शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि गावातली वीज जात नाही, बसते. पंखा घरघरत सावकाश होतो, बल्ब पिवळा पडतो, मिनिटाभरात परत वर येतो. जुने बोर्ड असा दाब पडला की स्वतःच थांबायचे आणि पहिल्यापासून सुरू व्हायचे. त्या सातांत ती सोय कुणी चालूच केलेली नव्हती.

मामांनी तो बोर्ड काढला आणि खिडकीतला बोर्ड डिमरला लावला. दाब खाली, दाब वर. हिरवा दिवा क्षणभर थांबला आणि परत लुकलुकायला लागला.

ते स्टुलावर बसले. "लाईट जाती, ते ध्येनात ठिवलं," ते म्हणाले. "लाईट बसती, ते इसरलो. ह्याच मुलखात जल्मून."

पुढच्या चार दिवसांत त्यांनी रजा टाकून बाकीच्या सहा शेडांतले नवे बोर्ड काढले, डब्यातले जुने लावले. आता अकराही शेडांत जुने बोर्ड होते, पण त्यातल्या सात शेडांत जोड नव्हता. एकटा बैल. मामा सोलापूरला परत गेले, एकाला पुण्याला पाठवलं, मी इंटरनेटवर शोधलं. जे मिळायचं त्याच्यावर नाव तेच असायचं. मामा डिमरला लावून बघायचे आणि बाजूला ठेवायचे. एक टिकला तर त्याच पुड्यातला दुसरा गोठायचा. सरांनी सुचवलं की नवं मॉडेल घेऊन सगळं परत करू. मामा म्हणाले, "करता यील सर. पर त्येबी पाच वर्सांनी बंद हुईल. आनि मला निवृत्तीला वरीस न्हाय ऱ्हायलं. मग कोन जाईल अकरा शेडांत?" 

त्या दिवसांत मामा रोडावले. विभूती लावायला विसरायचे. मुलांना साहेब म्हणणंही थांबलं. एकदा दुपारी त्यांनी मला हाक मारली. "अव्वा, तुझं अक्षर चांगलंय. लिव."

प्रत्येक डब्यात त्यांच्या हातचा एक कागद असायचा. कुठली वायर कुठं लावायची, आणि खाली त्यांचा फोन नंबर. तो त्यांना बदलायचा होता. मी पेन घेऊन बसले. ते खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघत होते.

"लिव. हे यंत्र..." ते थांबले. मी 'हे यंत्र' लिहून वाट बघत राहिले. एक लांबलचक कंटेनर गेला. "हे यंत्र कधीतरी बंद पडेल."

मी वर बघितलं.

"लिव की."

मी लिहिलं. त्यांनी पुढचं सांगितलं. भिंतीवर काचेचा साधा तापमापक टांगला आहे, त्याच्यावर लाल दोरा बांधला आहे. पारा दोऱ्याच्या वर गेला तर हीटरची पिन हातानं काढावी, पडदे वर करावेत. आधी दोरा बघावा, मग दिवा. लाल दिव्यावर काळी पट्टी लावली आहे, ती काढू नये. तो नुसती वीज आल्याचं सांगतो, काम चालल्याचं नाही. यंत्रात आता हिरवा दिवा लुकलुकवायचं कामही भरलं आहे, तो लुकलुकत असेल तर यंत्र जिवंत आहे. नुसता लागून राहिला किंवा विझला, तर पिन काढावी, आणि यंत्र नाही असं समजून शेड सांभाळावी.

"फोन नंबर?" मी विचारलं.

"नको. नंबर असला की मानूस कागद वाचत न्हाय."

असे अकरा कागद मी लिहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा एकेका शेडमध्ये जाऊन तो कागद स्वतः मोठ्यानं वाचून दाखवायचे. लोकांना ते आवडलं नाही. एकानं तोंडावर सांगितलं, "मामा, बसवताना म्हणालात म्या हाय तोवर. आता कागद देता?" मामा म्हणाले, "व्हय. तवा चुकीचं बोललो." परत येऊन त्यांनी ते मला सांगितलं, त्यात काही भर न घालता.

सुमनताईंनी वर्षभर शेड बंद ठेवली होती, त्यांचा कागद तेवढा द्यायचा राहिला होता. नवरात्राच्या आधी त्यांनी परत अळ्या आणल्या, निम्म्याच. खंडेनवमीला मामांनी मला सकाळी प्रयोगशाळेत बोलावलं. सुट्टी होती, त्यांच्याकडं किल्ली होती. ते खिडकीपाशी गेले, गजाला हात लावला आणि पिन काढली. हिरवा दिवा विझला. दहा वर्षं व्हायला आली होती त्या बोर्डाला. मामांनी तो संगणकाला जोडून त्यात शेडचं काम भरलं.

"मामा, हा सुमनताईंना?"

"ह्येच्याएवडा पारखलेला दुसरा कुठला हाय?"

मला एक विचारायचं होतं, आणि मी विचारलं. "पण दहा वर्षं चाललाय म्हणजे अजून चालेल, का आता सरत आलाय?"

त्यांनी बोर्ड उलटा करून जन्मतारीख बघितली. "त्येच मला कळंना झालंय," ते म्हणाले.

तुळजापूरला चालत निघालेल्या लोकांनी रस्ता भरला होता, जीप सावकाश जात होती. आम्ही पोचायला तीन वाजले. आजींनी ताट तयार ठेवलं होतं. या वेळी त्यांनी न सांगता डब्यावर कुंकू लावलं. मामांनी सुमनताईंच्या हातात कागद दिला आणि वाचायला सांगितलं. त्यांनी पहिली ओळ वाचली तशा आजी म्हणाल्या, "सणासुदीचं बंद पडंल, बंद पडंल काय लावलंय शरणाप्पा. पूजा केलीय की आत्ता."

"पूजा केली म्हणूनच खरं सांगतोय आजी."

सुमनताई पुढं वाचत राहिल्या. सगळा कागद वाचला. मग वर बघितलं ते दोऱ्याकडं. मामांनी राबलेला बोर्ड काढून डब्यात घातला, खिडकीतला लावला. पिन त्यांनी सुमनताईंना लावायला सांगितली. हिरवा दिवा लुकलुकला, प्रयोगशाळेत लुकलुकायचा तसाच.

माझी शेवटची जीप साडेचारला होती. मामा निघेनात. "तू जा अव्वा," ते म्हणाले. "ह्या हप्त्यात शेतीची लाईट साडेचारलाच येती. ती बसती कशी, बघून येतो."

मी रस्त्यावर येऊन टपरीपाशी थांबले. तिथून शेडचं दार सरळ दिसतं. मामा उपड्या टोपल्यावर बसले होते, एक हात लोखंडी खांबाला लावलेला. जीप आली, मी चढले. ड्रायव्हर चहा घेत होता. तेवढ्यात शिवारातल्या मोटारी एकदम उठल्या. आधी जवळची एक, मग चहूकडून. टपरीतला बल्ब पिवळा पडत पडत नुसती तार लाल दिसायला लागली. मी दाराकडं बघत होते. मामा पुढं वाकले.

बल्ब हळूहळू परत उजळला. ड्रायव्हरनं ग्लास ठेवला, जीप निघाली. मामा उठले नाहीत. दिवा गोठला असता तर ते उठले असते, पिन काढायला. ते उठले नाहीत, एवढं मी बघितलं. जीप वळणावर आली तेव्हाही ते तसेच बसलेले होते, दोऱ्याकडं बघत.

दिवाळीत ते निवृत्त झाले आणि आळंदच्या बाजूला लेकीकडं राहायला गेले. माझी त्यांच्याशी परत भेट झाली नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीत बोर्डाच्या आकाराची एक चौकोनी जागा अजून स्वच्छ आहे, बाकी सगळीकडं धूळ.